मेन स्ट्रीटवरची एका घोड्याची ट्राम

आधी पायांकडे बघा. उंच टाचांच्या चपला असतील तर इथेच काढून ठेवा आणि सपाट तळव्यांचे बूट घाला. आपण निघालोय तिथलं डांबर अगदी ताजं आहे, ऊन तर असं की ते अजून धड घट्ट झालेलं नाही, आणि काल कितीतरी बायकांच्या टाचा त्यात रुतून बसल्या. मोबाइल घरी राहू द्या. मनगटावर किल्लीचं घड्याळ असेल तर हरकत नाही. खिशात प्रवेशासाठी एक डॉलर आणि वर थोडी चिल्लर घ्या. त्यातलं दहा सेंटचं एक बारकं नाणं वेगळं काढा आणि मुठीत धरून ठेवा.

१९५५ सालचा जुलै महिना. कॅलिफोर्नियातलं अ‍ॅनाहाइम. वर्षभरापूर्वी तुम्ही उभे आहात त्या जागी संत्र्यांच्या बागा होत्या. त्या काढून वर्षभरात हे डिस्नेलँड उभं राहिलं. काल निमंत्रितांचा दिवस होता. त्यात खोट्या पासांवर आलेले हजारो लोक घुसले, खाण्याचे पदार्थ संपले आणि सगळा गोंधळ टेलिव्हिजनवरून देशभर दिसला. आज पहिल्यांदाच कुणालाही पैसे भरून आत जाता येणार आहे. म्हणून ही रांग. यातले काही जण रात्रीपासून उभे आहेत. तुमच्या पुढच्या माणसाने टाय लावलाय, डोक्यावर हॅट आहे, मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरतोय. त्याच्या मुलाच्या डोक्यावर रॅकूनच्या कातड्याची केसाळ टोपी आहे आणि मागे पट्ट्यापट्ट्यांचं शेपूट लोंबतंय. टेलिव्हिजनवरच्या डेव्ही क्रॉकेटने अशी टोपी घातल्यापासून अमेरिकेतल्या निम्म्या पोरांना ती हवी झालीय. आई म्हणते, काढ. पोरगं काढत नाही. एवढ्या उन्हात केसाळ टोपी घालून फिरायला जी जिद्द लागते, ती फक्त त्याच वयात असते.

चला, रांग सरकली. रेल्वेच्या भरावाखालून एक छोटा बोगदा जातो, त्यातून आत शिरा. क्षणभर गार वाटतं. डोक्यावरून वाफेचं इंजिन जातं, शिट्टी कानात घुसते. आणि पलीकडे पाऊल टाकलं की ऊन पुन्हा थोबाडीत मारल्यासारखं येतं.

हा टाउन स्क्वेअर. डावीकडे सिटी हॉल, शेजारी बंबखाना. बंबखान्याच्या माडीवर वॉल्ट डिस्ने यांनी स्वतःसाठी छोटीशी जागा राखून ठेवलीय. वर लाल मखमल आणि जुन्या पद्धतीचे दिवे आहेत, पण आपल्याला वर कुणी जाऊ देणार नाही. नाकाला आधी काय लागतं ते ओळखा. ताजा रंग. तापलेलं डांबर. लोण्यातल्या पॉपकॉर्नचा गोडसर, खारट वास. घसा कोरडा पडला असेल तर जरा सोसा, कारण पाण्याचे नळ इथे फार थोडे आहेत. नळकाम करणारे कारागीर संपावर गेले होते. पिण्याचे नळ की शौचालयं, यातलं एकच काम वेळेत पुरं होणार असं दिसल्यावर डिस्ने यांनी शौचालयं निवडली. मला विचाराल तर एवढ्या गर्दीच्या जागी तोच निर्णय शहाणपणाचा होता.

या सगळ्या वासांच्या खालून आणखी एक वास येतोय. सुकं गवत, घामेजलेलं कातडं, चामड्याला लावलेलं तेल. आणि पाठोपाठ घुंगरांचा आवाज.

वळा. तो बघा.

पर्शेरॉन जातीचा घोडा. आपल्याकडच्या टांग्याचा घोडा डोळ्यांसमोर आणला असेल तर तो पुसून टाका. हे जनावर निराळंच. त्याचा खांदा तुमच्या डोक्याइतका उंच, वजन टनाच्या आसपास, छाती दाराच्या चौकटीएवढी रुंद. खुरांकडे बघा, जेवणाचं ताट झाकलं जाईल एवढे. पण डोळा किती शांत. झापडांच्या आडून तो फक्त समोरचं बघतोय, आणि रॅकूनच्या टोपीचं पोरगं समोर येऊन उभं राहिल्यावर कान तेवढे पुढे करतोय. जवळ जा. नाकपुडीतून सुटणारा उष्ण श्वास हाताला लागतो. मानेभोवती कातड्याचा जाड, भरलेला कंठा आहे. सगळं ओझं त्याच्यावर येतं, म्हणून तो मानेला न घासता खांद्यांवर चपखल बसावा लागतो. कंठ्याच्या दोन्ही बाजूंनी निघालेले रुंद चामडी पट्टे मागे गाडीला जोडलेत. कंठ्याखाली बोट घातलंत तर घामाने ओलसर, मऊ झालेलं कातडं लागेल. जखम नाही, घट्टा नाही. साज किती काळजीने बेतलाय हे तिथे कळतं.

ही काळजी ओवेन पोप आणि त्यांची बायको डॉली यांची. इथे संत्र्याच्या बागा होत्या तेव्हापासून हे दोघं डिस्ने यांच्यासाठी घोडे जमवत होते, शिकवत होते आणि त्यांचा साज तयार करत होते. आता ते पार्कच्या मागच्या अंगाला, घोड्यांच्या तबेल्यापाशीच राहतात. हजारो माणसांचा गलका, बँड, आरडाओरडा, इंजिनाच्या शिट्ट्या या सगळ्यातून हा घोडा न बिचकता जायला हवा. लोक ज्याला नुसतं जनावराचं गरीबपण समजतात, त्यामागे माणसाचे कित्येक महिने असतात.

मुठीतलं नाणं द्या आणि चढा. गाडीला वर छत आहे, बाजू उघड्या आहेत, लाकडी बाकं आहेत. बाक उन्हाने तापलंय, हळूच टेका. शेजारी जाड आजीबाई येऊन बसतील, त्यांना जागा द्या. मांडीवर एखादं अनोळखी पोरही येऊन बसेल. गाडीवान पायाने घंटा वाजवतो, तोंडाने चक्-चक् करतो आणि लगाम जरासा सैल सोडतो.

आता कुठेही बघू नका, फक्त घोड्याकडे बघा. सुरुवातीचा हा क्षणच खरा बघण्यासारखा आहे. तो उडी घेत नाही, हिसडा देत नाही. आधी नुसता पुढे झुकतो. पट्टे ताणले जातात, कातडं करकरतं, मागच्या मांड्यांतले स्नायू कातडीखाली उठून दिसतात. एक क्षण काहीच होत नाही. मग बाकाखालून मंद घरघर सुरू होते आणि तीसेक माणसांनी भरलेली गाडी हलते. एकदा चाक फिरलं की त्याचं काम हलकं होतं. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, घर्षण अगदी थोडं. खडबडीत दगडी रस्त्यावर एका घोड्याला जेवढं ओढवेल, त्याच्या कितीतरी पट तो रुळावर ओढतो. शहरांतल्या रस्त्यांत रूळ टाकण्याचा खर्च केला गेला तो याचसाठी, आणि याच हिशेबावर न्यूयॉर्कमध्ये १८३२ साली घोड्याची पहिली ट्राम धावली.

टाप्, टाप्, टाप्, टाप्. चार पायांचा आवाज वेगवेगळा मोजता येतो, एवढी संथ चाल. दोन्ही बाजूंनी दुकानं मागे सरकू लागतात. तुम्ही बाजूने चालत असता तर याच वेगाने गेला असता. पण चालताना माणूस समोर बघतो आणि इथे नुसतं बसून राहायचं असतं, त्यामुळे दुकानं नीट दिसतात. औषधाच्या दुकानात बरणीत जळवा ठेवल्यात, आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची इवलीशी बाटली फुकट मिळतेय म्हणून दाराशी झुंबड आहे. किराणा दुकानात पोटाळ लोखंडी शेगडी आहे. भिंतीवरच्या फोनचा कर्णा कानाला लावला की दुसऱ्यांच्या गप्पा ऐकू येतात. आइस्क्रीमच्या दुकानाची रांग रस्त्यापर्यंत आलीय. सिनेमाघरात मूकपट लागलेत. मिठाईच्या दुकानातून तापलेल्या साखरेचा वास येतो आणि घोडासुद्धा तिकडे एकदा कान वळवतो.

वर बघा. इमारतींचे वरचे मजले खालच्यापेक्षा बारके बांधलेत, म्हणून त्या आहेत त्याहून उंच वाटतात. एका खिडकीवर एलायस डिस्ने, कंत्राटदार, असं रंगवलंय. ते वॉल्टचे वडील. हा सगळा रस्ताच वॉल्टच्या लहानपणाच्या आठवणीतून आलाय. मिझुरी राज्यातल्या मार्सलीन नावाच्या लहानशा गावात वॉल्टची काही कोवळी वर्षं गेली आणि त्या गावाचा मुख्य रस्ता त्यांच्या मनातून कधी गेला नाही. रस्त्याकडेचे दिवे मात्र खरेच जुने आहेत. पूर्वेकडच्या शहरांनी काढून टाकलेले हे गॅसचे दिवे इथे आणून पुन्हा उभे केलेत, आणि संध्याकाळी त्यांत खरी ज्योत पेटते.

गाडी थांबली. काही बिघडलेलं नाही. रूळ एकेरी आहे आणि रस्त्याच्या मध्यावर समोरून येणाऱ्या ट्रामला वाट देण्यासाठी फाटा काढलाय. ती येईपर्यंत आपण थांबायचं. घोडा एक पाय सैल सोडून उभा राहतो, शेपटीने माशी उडवतो. कुणी घड्याळ बघत नाही. हे थांबणं मला फार महत्त्वाचं वाटतं. पार्कमधल्या बाकी कितीतरी खेळांत माणसाला फेकलं जातं, फिरवलं जातं, घाबरवलं जातं. इथे घोड्याच्या ट्रामच्या काळातल्या माणसाच्या आयुष्यातली एक गोष्ट अगदी तशीच हाती येते. समोरची गाडी येईपर्यंत वाट बघावी लागणं, आणि त्या वेळात शेजारच्या माणसाशी बोलणं. आजीबाई बोलतीलच. त्या लहानपणी अशाच ट्राममधून शाळेत जात होत्या.

त्या बोलतायत तोवर डोळे मिटा. समोरची ट्राम यायला अजून वेळ आहे. आजीबाईंच्या बालपणातल्या खऱ्या ट्राममध्ये जाऊन येऊ.

आता श्वास जपून घ्या. पहिला धक्का वासाचाच. घोडा दिवसाला दहा-बारा किलो लीद टाकतो आणि शहरात असे हजारो घोडे आहेत. पावसात त्या लिदेचा चिखल होतो, उन्हात तिची धूळ होऊन दातांत कचकचते. माश्या तोंडावर बसतात. हिवाळा असेल तर ट्रामच्या जमिनीवर पेंढा पसरलाय. तोच सगळ्यांच्या पायांना ऊब देण्यासाठी, आणि तो कितीतरी दिवसांत बदललेला नाही. ओल्या लोकरी कोटांचा, तंबाखूचा आणि रॉकेलच्या दिव्याचा वास एकत्र येतो. गाडीवान पुढच्या उघड्या फळीवर उभा आहे, बर्फ पडला तरी उभाच. आणि घोडा? दगडी फरसबंदीवर घसरतो, चढाला धापा टाकतो, चाबूक खातो. चार-पाच वर्षांत बहुतेक घोडे ट्रामला निकामी व्हायचे. १८७२ साली घोड्यांमध्ये श्वासाच्या रोगाची साथ आली तेव्हा अमेरिकेतल्या शहरांचं सगळं चलनवलन बसलं. काही ठिकाणी माणसांनी स्वतः गाड्या ओढल्या. घोड्यावर किती अवलंबून आहोत हे लोकांना तेव्हा कळलं.

मराठी वाचकाला हे फार परकं वाटायला नको. त्याच काळात आपल्या मुंबईतही घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या. ९ मे १८७४ रोजी त्या सुरू झाल्या. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत, दुसरी बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीपर्यंत. ट्राम कंपनीच्या पागेत नऊशे घोडे होते. मे महिना, मुंबईचा दमट उकाडा, कुलाब्याला कापसाच्या गासड्या, वाऱ्यावर सुक्या मासळीचा वास, आणि काळबादेवीच्या गर्दीतून हमाल, हातगाड्या, बैलगाड्या यांच्यातून वाट काढणारी ट्राम. कुठे एक घोडा, कुठे दोन. भाडं आधी तीन आणे, पुढे दोन आणे झालं. उन्हाने घोड्यांना भोवळ येऊ नये म्हणून त्यांच्या डोक्यांवर चक्क सोला हॅट घालत. तेव्हाच्या छायाचित्रांत त्या टोप्या दिसतात, कानांसाठी भोकं पाडलेल्या. बघून हसू येतं खरं, पण त्या नऊशे घोड्यांवर कुणीतरी केलेली ती खरी दया होती. पुढे विजेच्या ट्राम आल्या आणि घोडे गेले.

घंटा वाजली. डोळे उघडा.

समोरची ट्राम फाट्यावर आली. दोन्ही गाडीवान हॅटला हात लावतात, दोन्ही घोडे एकमेकांकडे मान वळवतात, आणि आपला घोडा पुन्हा पुढे झुकतो. कातडं करकरतं, बाक हलतं. तेवढ्यात मागच्या बाकावरची पोरं खिदळायला लागली. कारण तुम्हाला समजलंच असेल. घोड्याने भर रस्त्यात आपलं काम उरकलंय. पण ट्राम चार पावलं पुढे गेली न गेली तोच पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस झाडू आणि सुपडी घेऊन आला, वाकला आणि निघूनही गेला. रस्ता पुन्हा कोरा. आत्ता बघून आलात त्या शहरात ही लीद संध्याकाळपर्यंत तिथेच पडून राहिली असती. इथे ती मिनिटभरही टिकत नाही. या रस्त्याने जुन्या काळातून काय घेतलं आणि काय सोडलं याचा सगळा हिशेब त्या सुपडीत आहे.

आणि मला तो पटतो. जुन्या काळाची पूजा करणारे म्हणतात की हे खोटं आहे, धुऊनपुसून गोड केलेलं आहे. विटा रंगवलेल्या आहेत, वरचे मजले बुटके आहेत, हे मान्य. पण घोडा खरा आहे. त्याला बुटका करता येत नाही, त्याच्या चालीला घाई शिकवता येत नाही. त्याला तहान लागते, ऊन लागतं, कंटाळा येतो, आणि तो थांबला की सगळा रस्ता थांबतो. या रस्त्याचा वेग त्यानेच ठरवलाय. जुन्या काळाने घोड्याला जे दिलं नाही ते, म्हणजे कामाचे मोजके तास, सावली, अंगाला बरोबर बसणारा साज आणि नाव घेऊन हाक मारणारी माणसं, या रस्त्यावर मिळतं. जुन्या काळात एवढी दुरुस्ती करावीशी वाटली तर ती करावी.

रस्ता संपला. समोर गोल चौक, पलीकडे किल्ला. गाडीवान हाताने चक्र फिरवून ब्रेक लावतो आणि चाकं किणकिणत थांबतात. पोरं गाडी पुरती थांबायच्या आत उड्या टाकतात. कुणाला छोट्या मोटारी चालवायच्यात, कुणाला जंगलातल्या नदीवर जायचंय. रॅकूनच्या टोपीचं पोरगं मात्र घोड्यापाशी रेंगाळतंय. त्याने शेवटी टोपी काढलीय, केस घामाने कपाळाला चिकटलेत, आणि तो गाडीवानाला विचारतोय की घोड्याला टोपी का नाही. मुंबईची हकीकत त्याला कुणीतरी सांगायला हवी. तुम्ही सांगा.

उतरताना पायरीवर लक्ष ठेवा. आजीबाईंना हात द्या.

आता परत या. तुमच्या वर्षात, तुमच्या चपलांत. पण एक गोष्ट सोबत घेऊन या, कारण ती अजून शिल्लक आहे. ही ट्राम त्याच रस्त्यावर आजही चालते. दहा सेंट लागत नाहीत, पार्कच्या तिकिटातच ती येते. घोड्यांचा तबेला आता पार्कच्या मागे नाही, जवळच्या नॉर्को गावात आहे. तिथून त्यांना रोज आणतात, थोडे तास काम देतात आणि परत नेतात. नालांवर आता कृत्रिम रबरासारखा थर चढवतात, म्हणजे पाय घसरत नाहीत, खुरांना धक्का कमी बसतो आणि टापांचा आवाजही छान घुमतो.

तुमचं कुणी तिकडे असेल, मुलगी, भाचा, जुना शेजारी, आणि तुम्ही कधी त्यांच्याकडे जाणार असाल, तर पार्कमध्ये शिरल्यावर सगळे किल्ल्याकडे पळतील. तुम्ही पळू नका. टाउन स्क्वेअरमध्ये थांबा आणि गाडीवानामागचं पहिलं बाक धरा. घोड्याचं नाव विचारा. गाडी सुटताना तो पुढे झुकतो तो क्षण चुकवू नका. आणि जायचं ते सकाळी लवकर. दुपारी मिरवणुका सुरू झाल्या की ट्राम बंद होते आणि घोडे घरी जातात.